धमन्यांचा दाह आणि आपल्याच पांढऱ्या पेशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पॅथॉलॉजी शिकवते. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हातात घेऊन नातेवाईक, शेजारी, विद्यार्थ्यांचे आईवडील विचारतात, "चरबी किती साचली आहे हो?" मायक्रोस्कोपखाली हृदयाच्या धमनीचा काप बघताना मला चरबीइतक्याच पेशीही दिसतात. त्या रक्तातून येऊन भिंतीत शिरलेल्या असतात आणि परत गेलेल्या नसतात. त्या का आल्या आणि का अडकल्या, हे एकदा नीट कळलं की बऱ्याच शंका आपोआप मिटतात. गेल्या काही वर्षांत मला जे विचारलं गेलं ते इथे एकत्र केलं आहे.

दाह म्हणजे छातीत होणारी जळजळ का?

नाही. जेवणानंतर घशाशी येतं ते पित्त, ती जळजळ अन्ननलिकेची. 'दाह', 'सूज', 'जळजळ' हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, म्हणून हा गोंधळ होतो. पायात काटा मोडला की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. आत बघितलं तर केशवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेर पडून काट्याभोवती गोळा झालेल्या असतात. त्याला दाह म्हणायचं. काटा निघाला की चार दिवसांत सगळं निवतं.

धमनीच्या भिंतीतला दाह याच जातीचा आहे, पण संथ. तो वर्षानुवर्षं चालतो आणि दुखत नाही, त्यामुळे माणसाला त्याचा पत्ता लागत नाही.

एक मात्र सांगून ठेवते. छातीत जळजळ, दडपण आणि सोबत घाम, धाप किंवा डाव्या हाताकडे, जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर ती "ॲसिडिटी" ठरवून सोडा पीत घरी बसू नका. १०८ ला फोन करा.

रक्तवाहिनीत चरबी साचते, एवढंच ना? त्यात प्रतिकारशक्तीचा काय संबंध?

सिंकच्या पाइपात तूप थिजतं तसं चित्र बहुतेकांच्या मनात असतं. ते चुकीचं आहे. चरबी पाइपाच्या आतल्या पृष्ठभागावर बसत नाही, ती भिंतीच्या आत शिरते. आणि ही भिंत जिवंत आहे.

धमनीला आतून पेशींच्या एकाच थराचं अस्तर असतं. रक्तातले एलडीएलचे, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे, कण या अस्तरापलीकडे जातात आणि तिथल्या प्रथिनांच्या जाळ्यात अडकतात. हे सगळीकडे सारखं होत नाही. धमनीला जिथे फाटे फुटतात, जिथे रक्ताचा प्रवाह सरळ न राहता भोवरे घेतो, तिथे जास्त होतं. अडकलेल्या कणांचं ऑक्सिडेशन होतं आणि ते शरीराला परके वाटू लागतात. मग अस्तराच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर चिकट रेणू काढतात (व्हीकॅम-१ हा त्यातला एक) आणि आतून रासायनिक हाकाही देतात. रक्तातून वाहत चाललेली मोनोसाइट नावाची पांढरी पेशी तिथे अडखळते, अस्तरावरून घरंगळते, थांबते आणि दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून आत जाते.

आत गेल्यावर ती मोठी होते. तिला मॅक्रोफेज म्हणतात, मराठी पुस्तकांत महाभक्षी पेशी. नेमून दिल्यासारखी ती बदललेलं एलडीएल खायला लागते. खरी मेख पुढे आहे. साधं एलडीएल पेशीत घेणारं जे दार असतं, ते पेशीतलं कोलेस्टेरॉल पुरेसं झालं की कमी होत जातं. मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी ही यंत्रणा उलगडली आणि १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं. पण ऑक्सिडेशन झालेलं एलडीएल आत घेणारी दारं वेगळी आहेत आणि त्यांना "पुरे" म्हणता येत नाही. पंगतीत वाढपी वाढतोच आहे आणि जेवणाऱ्याला नको म्हणायची सोय नाही, अशी तिची गत होते. चरबीच्या थेंबांनी ती टच्च फुगते. ही फेसाळ पेशी.

अशा पेशींचे थवे भिंतीत जमले की नुसत्या डोळ्यांनाही पिवळसर पट्टे दिसतात. आजाराची ही पहिली खूण.

फेसाळ पेशी दिसते तरी कशी?

नावाप्रमाणेच. साबणाच्या फेसाचा एक ठिपका, त्यात बारीक गडद केंद्रक. गंमत अशी की स्लाइडवर आपल्याला चरबी दिसतच नाही. काप करण्याआधी ऊतीचा तुकडा अल्कोहोल आणि झायलीनमधून जातो, मग मेणात बसवतात. या प्रवासात चरबी विरघळून निघून जाते. आपण बघतो त्या तिच्या रिकाम्या जागा. चरबीच बघायची असेल तर तुकडा गोठवून कापावा लागतो आणि ऑइल रेड ओ हा रंग वापरावा लागतो. मग तेच थेंब कुंकवासारखे लाल उठतात.

आजार वाढला की भिंतीत चरबी आणि पेशींचा जाड थर साचतो, त्याला प्लाक म्हणतात. जुन्या, मोठ्या प्लाकमध्ये आणखी एक गोष्ट दिसते, सुयांसारख्या लांबट पांढऱ्या फटी. तिथे कोलेस्टेरॉलचे स्फटिक होते. विद्यार्थ्यांना मी या फटींपाशी जरा थांबायला सांगते. पेशीच्या आत शिरलेला स्फटिक एनएलआरपी३ नावाची धोक्याची घंटा वाजवतो आणि पेशी इंटरल्यूकिन-१ बीटा हा दाह वाढवणारा निरोप्या रेणू सोडते, हे २०१० साली दाखवलं गेलं. हा रेणू पुढे इंटरल्यूकिन-६ ला जागं करतो, आणि त्याच्या सांगण्यावरून यकृत सीआरपी हे दाहाची खूण असणारं प्रथिन बनवतं. रक्ताच्या रिपोर्टवर छापून येणाऱ्या एका आकड्याचा उगम कुठवर जातो बघा.

मग या पेशी वाईटच म्हणायच्या का?

मला तसं म्हणवत नाही. १८८२ साली इटलीतल्या मेसिना गावी एली मेचनिकॉफ यांनी स्टारफिशच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर भटक्या पेशी काट्यांभोवती जमलेल्या. भक्षक पेशींची कल्पना तिथून निघाली. १९०८ चं नोबेल त्यांना पॉल एर्लिक यांच्यासोबत मिळालं. या पेशी नसत्या तर साध्या जखमेतूनही आपण उठलो नसतो.

धमनीतही त्या सफाईलाच येतात. केवळ चरबीच नाही, मेलेल्या पेशी उचलणं हेही त्यांचंच काम. शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात आणि गाजावाजा न होता उचलल्या जातात. प्लाकमध्ये मात्र फुगलेली पेशी मरते आणि तिला उचलायला येणारी दुसरी पेशी आधीच गळ्यापर्यंत भरलेली असते. प्रेत तिथेच फुटतं, आतला ऐवज सांडतो, त्याने आणखी पेशी येतात. असं होत होत प्लाकच्या मध्यभागी मेलेल्या पेशी आणि चरबीचा लगदा तयार होतो. काटा कधी निघतच नाही, म्हणून दाह निवत नाही.

टी पेशी आणि बी पेशी तिथे काय करतात?

टी आणि बी याही पांढऱ्या पेशीच, नेमके परके रेणू ओळखणाऱ्या. टी पेशी प्लाकमध्ये असतात हे १९८० च्या दशकात स्वीडनमधल्या योरान हॅन्सन यांच्या कामातून पुढे आलं. त्याआधी ही सगळी हकिकत चरबी आणि मॅक्रोफेज यांचीच मानली जात होती. टी पेशींत दोन तऱ्हा आहेत. काही इंटरफेरॉन-गॅमा सोडून मॅक्रोफेजना चेतवतात. नियामक टी पेशी नेमकं उलट करतात, इंटरल्यूकिन-१० सारखे रेणू सोडून भांडण शमवतात. बी पेशींतही असंच: काहींची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) ऑक्सिडेशन झालेल्या एलडीएलला बांधून उपद्रव कमी करतात, काही दाह वाढवतात. म्हणून "प्रतिकारशक्ती कमी की जास्त" हा प्रश्न इथे फारसा उपयोगी नाही. कोणत्या पेशींचं पारडं जड आहे ते महत्त्वाचं.

हे कोणत्या वयात सुरू होतं?

वाटतं त्यापेक्षा फार लवकर. पिवळसर पट्टे किशोरवयीन मुलांच्या महाधमनीतही सापडतात. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची शवविच्छेदनं १९५३ साली प्रसिद्ध झाली. त्यांचं सरासरी वय २२ होतं आणि तीन-चतुर्थांशांहून जास्त जणांच्या हृदयधमन्यांत नुसत्या डोळ्यांना दिसेल असा बदल होता. सगळेच पट्टे पुढे प्लाक होत नाहीत, काही विरूनही जातात.

हा फक्त आजच्या राहणीमानाचा रोग आहे, असंही नाही. इजिप्त, पेरू आणि इतर ठिकाणच्या १३७ ममींचं सीटी स्कॅन करून २०१३ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात साधारण एक-तृतीयांश देहांत धमन्यांचा हा आजार आढळला.

"स्ट्रेस टेस्ट नॉर्मल होती, ब्लॉकेजही थोडंच होतं, तरी बाबांना अटॅक आला. असं कसं?"

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग मला समजतो.

अँजिओग्राफीत (धमनीत रंगद्रव्य सोडून काढलेल्या एक्स-रेत) धमनीची पोकळी दिसते, भिंत नाही. प्लाक वाढू लागला की धमनी सुरुवातीला बाहेरच्या बाजूला फुगून त्याला जागा करून देते. सेमूर ग्लॅगोव्ह यांनी १९८७ साली दाखवलं की प्लाकने साधारण ४० टक्के जागा व्यापेपर्यंत पोकळी फारशी कमी होत नाही. तोवर स्ट्रेस टेस्टमध्ये काही येईलच असं नाही.

दुसरी बाब त्याहून मोठी. अटॅक बहुतेक वेळा हळूहळू बुजत जाण्याने येत नाही. तो प्लाक फुटल्याने येतो. चरबीच्या लगद्यावर कोलॅजनची (चिवट तंतूंची) टोपी असते, ती स्नायुपेशी विणतात. टी पेशींचा इंटरफेरॉन-गॅमा त्यांचं विणकाम थांबवतो आणि मॅक्रोफेज असे विकर (एन्झाइम) सोडतात की जे विणलेलं कोलॅजन पचवून टाकतात. नवं विणलं जात नाही, जुनं झिजत जातं. धोकादायक टोपीची जाडी ६५ मायक्रॉनहून कमी असते, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीएवढी किंवा त्याहून पातळ. एखाद्या दिवशी ती प्लाकच्या कडेपाशी फाटते. रक्त आतल्या लगद्याला भिडतं, त्यातल्या टिश्यू फॅक्टर या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनामुळे मिनिटांत गुठळी होते आणि काल ४० टक्के असलेली जागा आज शंभर टक्के बंद.

कधी टोपी न फाटता नुसतं अस्तर खरवडलं जाऊनही गुठळी होते. तिथे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा हात दिसतो. त्या आपल्याच डीएनएची जाळी बाहेर फेकतात आणि त्यात गुठळी अडकून वाढते.

म्हणून बाबांच्या बाबतीत डॉक्टरांचं चुकलंच असेल असं नाही. टोपी किती पातळ आहे, हे ती तपासणी सांगतच नाही.

व्हॉट्सॲपवर येतं की कोलेस्टेरॉल निर्दोष आहे, खरा दोषी दाह आहे. हे खरं का?

नाही, आणि या एका निरोपामुळे गोळ्या बंद केलेली माणसं मी पाहिली आहेत.

हा वाद जुना आहे. १८५० च्या दशकात बर्लिनचे रुडॉल्फ फिरखो म्हणत होते की भिंतीतला दाह आधी येतो. व्हिएन्नाचे रोकिटान्स्की म्हणत होते की तो मागाहून येतो. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलातून शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या धमन्यांत माणसासारखे बदल घडवून दाखवले. त्या बदलांत पांढऱ्या पेशी आहेत हेही त्यांनी नोंदवलं होतं. पुढे कितीतरी वर्षं लोकांच्या लक्षात राहिलं ते फक्त कोलेस्टेरॉल. १९९९ साली रसेल रॉस यांनी धमनीकाठिण्य (प्लाकचा हाच आजार) हा दाहाचा आजार आहे अशी मांडणी केली, आणि मग काहींनी लंबक पार दुसऱ्या टोकाला नेला.

दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. जन्मजात एलडीएल फार जास्त असण्याचा आनुवंशिक आजार असतो. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आलेल्या मुलांना उपचार न मिळाल्यास दहा-वीस वर्षांच्या वयातही हार्ट अटॅक येतो. ना तंबाखू, ना पोट सुटलेलं, ना रक्तदाब. दुसरीकडे बोलिव्हियाच्या जंगलातले त्सिमाने लोक. जंत आणि जंतुसंसर्ग पाचवीला पुजलेले, रक्तात दाहाची चिन्हं भरपूर. तरी २०१७ च्या अभ्यासात त्यांच्यातल्या ८५ टक्के प्रौढांच्या हृदयधमन्यांत कॅल्शियमचा, म्हणजे जुन्या प्लाकच्या खुणेचा, मागमूस नव्हता. त्यांचं एलडीएल सरासरी डेसिलिटरला ९० मिलिग्रॅमच्या आसपास आणि अंगमेहनत दिवसभर.

माझं मत यावर पक्कं आहे. भिंतीत अडकायला पुरेसं एलडीएल नसेल तर पेशींना तिथे यायचं कारणच उरत नाही. आणि एलडीएल अडकल्यावर पुढे काय होणार, प्लाक शांत पडून राहणार की फुटणार, हे बऱ्याच अंशी पेशी ठरवतात. एकाला सोडवण्यासाठी दुसऱ्याला पकडायची गरज नाही.

दाह कमी केल्याने अटॅक कमी होतात, हे माणसांत सिद्ध झालं आहे का?

हो, २०१७ साली. कँटोस नावाच्या चाचणीत १०,०६१ माणसं होती, सगळ्यांना आधी अटॅक येऊन गेलेला आणि सीआरपी वाढलेलं. त्यांना कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी दिलं. हे औषध फक्त इंटरल्यूकिन-१ बीटाला बांधतं, एलडीएलला हातही लावत नाही. १५० मिलिग्रॅमच्या मात्रेत अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटलं. एलडीएल होतं तिथेच होतं. इतकी वर्षं मांडलेली कल्पना पहिल्यांदा इतकी स्वच्छ सिद्ध झाली.

पण त्या गटात जंतुसंसर्गाने मृत्यू जास्त झाले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. औषध अतिशय महाग. हृदयविकारासाठी ते मंजूर झालं नाही.

शिवाय दाह कमी करणारं कोणतंही औषध चालतं असंही नाही. संधिवातात वापरलं जाणारं मेथोट्रेक्सेट ४,७८६ जणांना कमी मात्रेत देऊन पाहिलं. त्याने इंटरल्यूकिन-१ बीटाही कमी झालं नाही आणि अटॅकही नाहीत. कोणती तार तोडायची हे नेमकं कळायला हवं.

मग आज वापरता येईल असं काही आहे का?

कोल्चिसिन. गाउटसाठी (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजतात त्या आजारासाठी) जुन्या काळापासून वापरात असलेलं, स्वस्त औषध. ते पांढऱ्या पेशींच्या हालचाली मंदावतं आणि वर सांगितलेल्या धोक्याच्या घंटेलाही आवर घालतं. रोज ०.५ मिलिग्रॅम देऊन २०१९ साली नुकताच अटॅक आलेल्या ४,७४५ जणांत आणि २०२० साली स्थिर हृदयविकाराच्या ५,५२२ जणांत फायदा दिसला, पहिल्यात २३ तर दुसऱ्यात ३१ टक्के. २०२३ मध्ये अमेरिकेत या कामासाठी त्याला मंजुरी मिळाली. पण २०२४ साली ७,०६२ अटॅकच्या रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. त्यामुळे हे सरसकट सगळ्यांना द्यायचं औषध नाही. कोणाला द्यायचं हे तुमचे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक चालू असेल तर ते विषारी ठरू शकतं.

आता एक गोष्ट कळकळीने. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर, डोंगरउतारावर कळलावी फुलते. पिवळ्या-लाल ज्वाळांसारख्या पाकळ्या, पानाची टोकं गुंडाळून झालेले तणावे. तिच्या नांगरासारख्या कंदात हेच कोल्चिसिन असतं. "निसर्गातलंच औषध आहे" म्हणून कोणी तो कंद उगाळून घेऊ नये. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं आहे, आणि कंदात किती आहे हे मोजता येत नाही. ही विषबाधा अवयव निकामी करते आणि तिच्यावर सहज मिळणारा उतारा नाही.

आणि स्टॅटिन?

ते पहिलं. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्या त्याच. एलडीएल उतरवल्याने भिंतीतला दाहही उतरतो, टोपी जाड होते. २००८ च्या ज्युपिटर चाचणीत एलडीएल १३० च्या आत पण सीआरपी वाढलेलं, अशा १७,८०२ निरोगी माणसांना रोसुवास्टॅटिन दिलं आणि अटॅक-पक्षाघातासारख्या घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या. औषधाने एलडीएल आणि सीआरपी दोन्ही खाली आणलं होतं, त्यामुळे श्रेय कोणाचं किती हे त्या चाचणीतून वेगळं काढता येत नाही.

सीआरपीची तपासणी करून घ्यावी का?

घ्यायची तर 'हाय सेन्सिटिव्हिटी' सीआरपी म्हणून सांगा, साधं सीआरपी नको. लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर जोखीम कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर आलं तर घाबरू नका, बहुधा सर्दी, दाढ, लघवीचा संसर्ग असं काहीतरी असेल. ते बरं झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा. ताप असताना ही तपासणी करणं म्हणजे पैसे वाया.

सीआरपी हा तापमापीतला पारा आहे. पाऱ्यामुळे ताप येत नाही. आनुवंशिकतेच्या अभ्यासांतही सीआरपी स्वतः आजार घडवत नाही असंच दिसलं. इंटरल्यूकिन-६ चा मार्ग मात्र कारणीभूत दिसतो.

आईला संधिवात आहे. तिच्या हृदयाचं काय?

आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस असेल तर तिची जोखीम इतरांपेक्षा खरोखर जास्त आहे. युरोपीय तज्ज्ञसंस्था तर नेहमीच्या पद्धतीने काढलेल्या जोखमीला १.५ ने गुणायला सांगते. सोरायसिस आणि ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते असा आजार) यांतही जोखीम वाढते, ल्युपसमध्ये तरुण बायकांतसुद्धा. सांध्यांत जे रेणू उसळलेले असतात तेच धमन्यांतून फिरतात. सांधे दुखतात म्हणून त्यांच्याकडे लक्ष जातं, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. ते बघायला सांगा. वयाने गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा.

मग रोज ब्रुफेन घेतलं तर दाह कमी होऊन हृदय वाचेल का?

अजिबात नाही, उलट होईल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वेदनाशामकांनी अटॅकची जोखीम वाढते. याच वर्गातलं रोफेकॉक्सिब २००४ साली त्यामुळेच बाजारातून काढावं लागलं. कमी मात्रेतलं ॲस्पिरिन अपवाद आहे, पण ते काम करतं बिंबिकांवर (प्लेटलेट्सवर), म्हणजे गुठळीवर. तेही अटॅक न आलेल्या माणसाने मनाने सुरू करायचं नाही. जठरातून रक्तस्राव होतो.

फ्लूचा आणि हार्ट अटॅकचा खरंच संबंध आहे?

आहे. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत अटॅकचं प्रमाण सहापट दिसलं. तापात सगळ्याच पांढऱ्या पेशी चवताळलेल्या असतात, रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं, नाडी धावत असते. पातळ टोपीला एवढं पुरतं. हृदयविकार असेल तर दरवर्षी फ्लूची लस घ्या. अटॅकनंतर लगेच लस दिल्याने पुढच्या वर्षभरातले मृत्यू कमी झाले, असं २०२१ च्या एका चाचणीत दिसलं आहे. आपल्याकडे ही लस फार कमी लोक घेतात, याची मला हळहळ वाटते.

काही माणसं सगळं नीट सांभाळूनही उतारवयात अटॅकला का बळी पडतात?

याचं एक उत्तर अस्थिमज्जेत सापडलं. वय वाढतं तसा तिथल्या एखाद्या मूळ पेशीच्या जनुकात बदल होतो, टेट-२ किंवा डीएनएमटी३ए अशा, आणि ती इतरांना मागे टाकून आपलाच वंश वाढवत राहते. सत्तरी ओलांडलेल्या दहा टक्क्यांहून अधिक लोकांत हे असतं. सिद्धार्थ जयस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की अशा लोकांत हृदयधमनीच्या आजाराची जोखीम जवळजवळ दुप्पट असते. टेट-२ बिघडलेल्या मॅक्रोफेज जास्त इंटरल्यूकिन-१ बीटा सोडतात. ही तपासणी अजून सर्रास करत नाहीत, करायची गरजही नाही.

ताणाने अटॅक येतो म्हणतात. ते मनाचे खेळ की खरं?

खरं, आणि रस्ता पुन्हा अस्थिमज्जेतूनच जातो. बॉस्टनमधल्या २९३ जणांच्या स्कॅनवर आधारलेल्या अभ्यासात (२०१७) मेंदूतला भीतीशी निगडित भाग ज्यांच्यात जास्त सक्रिय, त्यांची अस्थिमज्जाही जास्त सक्रिय, धमन्यांतला दाह जास्त आणि पुढे हृदयविकारही जास्त दिसला. आयसीयूत ड्युटी करणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या रक्तात त्या काळात पांढऱ्या पेशी वाढलेल्या आढळल्या आहेत. रात्रपाळीनंतर स्लाइड बघायला आलेल्या मुलामुलींचे चेहरे पाहिले की मला ते आठवतं. उंदरांत झोप सतत मोडली तर मोनोसाइट आणि प्लाक दोन्ही वाढतात.

घरगुती पातळीवर काय केल्याने या पेशी शांत होतात?

तंबाखू सोडणं, सगळ्यात आधी. त्यात मिश्रीही आली. "मी ओढत नाही, नुसती दातांना लावते" म्हणणाऱ्या कितीतरी काकू-मावशांना वाटतं की आपण सुटलो. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात चघळायच्या तंबाखूनेही अटॅकची जोखीम दुपटीहून वाढलेली दिसली. चुलीचा धूर, रस्त्यावरचा धूर हाही धमन्यांचा दाह वाढवतो.

मग पोट. पोटातली चरबी म्हणजे नुसती साठवण नाही. लठ्ठपणात त्या चरबीत मॅक्रोफेज मोठ्या संख्येने शिरतात आणि दाहाचे रेणू सोडत राहतात. कंबर दोन बोटं कमी झाली तरी सीआरपी उतरू लागतं. रोजचं चालणं, रक्तदाब आणि साखर ताब्यात. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्यांकडे जा. हिरड्यांचा आजार आणि हृदयविकार हातात हात घालून दिसतात, हिरड्या बऱ्या केल्याने अटॅक टळतो हे मात्र सिद्ध झालेलं नाही.

हळद, लसूण, प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे?

आमटीत हळद असू द्या, चटणीत लसूण असू द्या. कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं आणि त्याने अटॅक कमी झाल्याचं दाखवणारी मोठी चाचणी नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय नकोत. काढ्यांचं म्हणाल, तर धमनीच्या आजारात पेशी अशक्त नसतात. त्या गरजेपेक्षा जास्त कामाला जुंपलेल्या असतात. त्यांना आणखी चेतवून काय साधणार?

स्टेंट बसला. आता आजार संपला ना?

ती एक जागा मोकळी झाली. बाकी सगळ्या धमन्यांत तोच दाह चालू आहे. शिवाय अटॅक स्वतःच प्लीहा आणि अस्थिमज्जेला कामाला लावतो आणि नवे मोनोसाइट रक्तात सोडले जातात. उंदरांत दिसलं आहे की त्यामुळे दूरचे प्लाकही भडकतात. म्हणून स्टेंटनंतरची पहिली काही महिन्यांची औषधं चुकवायची नाहीत, बरं वाटत असलं तरी.

"वडिलांना ४८ व्या वर्षी अटॅक आला. मी ३० चा आहे. मी काय करू?"

लिपिड प्रोफाइल, साखर, रक्तदाब या वर्षीच करून घे. आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए, एलडीएलसारखाच एक कण, बघ. ते जन्मजात ठरलेलं असतं, ऑक्सिडेशन झालेली चरबी वाहून नेतं, नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये येत नाही आणि दक्षिण आशियाई लोकांत ते बऱ्याच जणांत जास्त असतं. इंटरहार्टमध्ये आपल्याकडच्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ च्या सुमाराला आला होता, इतरांना ५९ च्या. एलडीएल १९० च्या वर आलं तर भावंडांचंही तपासायला हवं. रिपोर्ट फोनवर फोटो काढून ग्रुपवर टाकू नकोस, कागद घेऊन डॉक्टरांसमोर बस आणि वडिलांचं त्या वेळचं वय आवर्जून सांग. ते बहुतेक जण सांगायला विसरतात.